पुढच्या दांडीचा दत्ताराम

चारकोपला तेव्हा सेक्टर नुकते पडत होते. एकीकडे जोत्यांवर पाणी मारलं जात होतं, आणि पलीकडे खाडीच्या खाजणाच्या कडेला एका ट्रस्टने अख्खं खेडं उभं केलं होतं. बघायचं खेडं. चिऱ्याचं कोकणी घर, कोळ्याचं घर, कुडाचा आदिवासी पाडा आणि एक विहीर, जिच्यात पाणी टँकरने यायचं. नाव लोकग्राम. तिकीट काढायचं, आत फिरायचं आणि गाव कसं असतं ते बघून घरी जायचं. मुलुंड-घाटकोपरची मंडळी रविवारी डबे घेऊन येत. ज्या शहरातली निम्मी माणसं गाव मागे टाकून आलीत, त्या शहरात गाव तिकिटाने दाखवायचं, ही कल्पना ज्या डोक्यातून निघाली त्याला मी नमस्कार करतो. लांबूनच.

तिथे ऋतूप्रमाणे कार्यक्रम असत. आषाढात चार हात चिखलात भातलावणी, श्रावणात नारळी पौर्णिमा, भाद्रपदात गणपती, दिवाळीला पायाने कारीट फोडणं, फाल्गुनात शिमगा. पत्रकं छापली जात, शाळांच्या सहली येत. आणि या सगळ्यात शेतकरी म्हणून, घरधनी म्हणून, सासरा म्हणून, जे पडेल ते म्हणून उभा असायचा आमचा दत्ताराम.

हा माणूस शेतकरी नव्हता. वीस-बावीस वर्षं लालबागच्या गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवलेला गडी. संपात सगळं बसलं तेव्हा बायको रुक्मिणीला घेऊन चारकोपला आला आणि माझ्या दारात उभा राहिला, "बघ रे कायतरी." मी लोकांची कामं करतो, रेशनकार्डापासून मारामारीपर्यंत. मीच त्याला लोकग्राममध्ये चिकटवला. पहिल्या दिवशी त्याच्या हातात नांगर दिला तर त्याने तो उलटा धरला. संध्याकाळपर्यंत तळहाताला फोड. पण ऐट अशी की विचारू नका. शाळेची पोरं आली की छाती काढून सांगायचा, "ह्यो नांगर माझ्या पणजाचो." तो नांगर ट्रस्टने वसईहून आणला होता. मी त्याला म्हटलं, दत्ता, खोटं किती बोलशील. तर म्हणतो, "खोटा कसला? पणजाकडे नांगर होतो ना? तसोच होतो."

असा माणूस. त्याच्यासाठी भांडायचं म्हणजे आधी त्याच्याशीच भांडावं लागतं.

आता भानगड कुठे झाली ते सांगतो. लोकग्रामच्या पहिल्या गणपतीला सबनीस साहेबांनी, म्हणजे तिथल्या व्यवस्थापकांनी, मोठा बेत केला. कोकणी घर सारवलं, गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटोळी बांधली, मूर्ती आणली, पत्रकं वाटली. सकाळी फाटक उघडलं तर घरात माणूस नाही. कोकणी घरात काम करणारे सगळे कोकणातले, आणि ते सगळे गणपतीला कोकणात. अहो, चतुर्थीला आमच्या वस्तीत पिठाची गिरणी बंद असते, न्हावी मिळत नाही, आणि यांना वाटलं की कोकणी माणूस मुंबईत थांबून कोकणी गणपती करून दाखवेल. शेवटी सबनीसांनी जौनपूरच्या वॉचमनला टोपी घालून ओटीवर बसवला. एका आजींनी कौतुकाने विचारलं, "बाबा, तुमचं गाव कुठलं?" तो बिचारा खरं बोलला.

त्यानंतर सबनीसांनी नियम केला: ज्या घराचा सण, त्या घराच्या माणसांना त्या सणाला सुट्टी नाही. गेला तो गेला, परत यायचं नाही.

आणि आला शिमगा.

दत्तारामचं गाव देवगडच्या वरच्या अंगाला. तिथे शिमग्याच्या पौर्णिमेला देवाची पालखी देवळातून निघते, आणि पुढच्या दांडीला पहिला खांदा दत्तारामच्या घराचा. हा मान. यात जमीन नाही, पैसा नाही, काही नाही. पाच पावलं चालायचं आणि दांडी दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायची. पण त्या पाच पावलांसाठी त्याचा बाप कॉलऱ्यातून उठून गेला होता असं तो सांगतो. खरं असेलही. संप झाल्यापासून दत्तारामला दोन शिमगे जमले नव्हते. त्याच्या जागी चुलतभाऊ कुंडलिक उभा राहायचा, आधी नाइलाज म्हणून, मग हौसेने, असं दत्तारामचं म्हणणं. आता गावातून निरोप आला होता. मानकरी सलग तीन वर्षं आला नाही तर मान पुढच्या घरात जातो. म्हणजे कुंडलिकच्या. कायमचा.

"तर माका जावचाच आसा," दत्ताराम म्हणाला.

"नोकरी जाईल."

"ती तू बघ. तू कशाक आसस?"

मी गेलो सबनीसांकडे. माणूस वाईट नाही, हीच त्रासाची गोष्ट आहे. वाईट असता तर दोन मिनिटांत निकाल लावला असता. हा चहा मागवतो.

"साहेब, मंगळवारी पौर्णिमा, सोमवारी त्याला सोडा. आठवड्यात परत येईल."

"अहो, सोमवारीच कसं सोडू? रविवारी उद्घाटन, मग रंगपंचमीपर्यंत रोज पालखी. शाळा बुक झाल्यात."

"दुसरा कोणी घ्या पालखीला."

"दुसरा कोण? दत्तारामइतका अस्सल कोकणी माणूस मला नाही मिळणार."

"अस्सल आहे म्हणूनच जातोय ना, साहेब. इथे थांबला तर अस्सल कसला?"

त्यांना ते पटलं. खरंच पटलं, चेहऱ्यावर दिसलं. आणि मग म्हणाले, "पण शाळा बुक झाल्यात हो." मी चहा अर्धा टाकून उठलो.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. कोळ्याच्या घरात सरूबाई असायची. चारकोपच्याच कोळीवाड्यातली, सकाळी मासळी विकून दुपारी लोकग्राममध्ये बसणारी, जिभेने धारदार. तिने तिथे खरे बोंबील वाळत घातले म्हणून ट्रस्टवाल्यांनी वासाची तक्रार केली होती, तेव्हा तिने विचारलं होतं, "मंग काय मोगरा वालत घालू?" तिला मी सांगितलं, मावशी, रविवारी उद्घाटनाला सगळ्यांनी हातावर हात ठेवून बसायचं. पाहुणे येतील, पालखी जागची हलणार नाही. बघू सबनीस काय करतात. ती लगेच तयार. पाड्यावरचे तयार. झकास जमलं होतं.

आणि जमलं नाही कोणामुळे? दत्तारामामुळे.

"पालखी अडवूची नाय," म्हणाला. "देवाच्या कामात संप करूचो नाय. एक संप बघलंय मी, पुरे झालो."

"अरे पण ती देवाची पालखी कुठे आहे? सुताराने केलीय. आतली देवाची रूपं, म्हणजे मुखवटे, पुठ्ठ्याची आहेत, वर सोनेरी कागद."

"आसूंदे."

"आणि सबनीस तुला गाऱ्हाणं घालायला लावणार आहेत माईकवर. पुठ्ठ्यापुढे गाऱ्हाणं घालशील?"

आता कोकणाबाहेरच्यांसाठी, दत्तारामकडून ऐकलेलं सांगतो. गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे मोठ्याने मागणं. एकाने बोलायचं आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेल्या सगळ्यांनी म्हणायचं, "होय म्हाराजा." एकदा होय म्हटलं की ते मागणं त्या एकट्याचं उरत नाही, सगळ्यांचं होतं, आणि मग कोणी मागे फिरायचं नसतं.

दत्तारामने थोडा विचार केला. "नारळ कोण देतलो?"

"ट्रस्ट देईल. काय संबंध?"

"नको. नारळ मी हाडतंय."

मी कपाळाला हात लावला. इथे याची भाकरी आणि मान दोन्ही जायची वेळ आली आणि हा नारळाच्या खरेदीत. रुक्मिणीला म्हटलं, वहिनी, समजवा याला. ती म्हणाली, "तीस वर्सा समजावतंय. तुमका दोन दिवसांत जमला तर बघा."

रविवार आला. सकाळपासून गाड्या. शाळेची पोरं, चष्म्यातल्या बाया, कॅमेरेवाले. सबनीस झब्बा घालून, डोक्याला फेटा बांधून इकडून तिकडे. पालखी अंगणात ठेवलेली, झेंडूच्या माळा, ढोल-ताशा कांदिवलीचा. मी फाटकाजवळ उभा होतो आणि मनात जे येत होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सबनीसांनी माईकवर गाऱ्हाण्याची माहिती सांगितली, छान सांगितली, आणि म्हणाले, "तुम्ही नुसते प्रेक्षक नाही. आज आपण सगळे एका गावचे. दत्ताराम बोलेल, आपण सर्वांनी मोठ्याने होय महाराजा म्हणायचं. मी सुरुवात करतो." पोरं खूश झाली.

दत्ताराम पुढे आला. धोतर, कमरेला उपरणं, हातात त्याने स्वतः बोरिवलीच्या बाजारातून आणलेला नारळ. तो त्याने पालखीपुढे ठेवला, हात जोडले आणि आवाज लावला. गिरणीच्या खडखडाटात बावीस वर्षं बोललेला माणूस, त्याला माईक कशाला पाहिजे होता.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो तुझो लेकरू तुझ्या पायांकडे उभो रवान गाऱ्हाणा घालता, ता मानून घे रे म्हाराजा."

"होय महाराजा." सबनीसांचा आवाज सगळ्यांच्या वर.

"ही लांबसून इलेली पोराबाळा, बायामाणसा, ह्येंका सुखी ठेव रे म्हाराजा."

"होय महाराजा."

"ह्या खाजणात सायबान गाव उभो केल्यान, तेका बरकत दी रे म्हाराजा."

"होय महाराजा." सबनीसांचे डोळे मिटलेले.

"तुझ्या खऱ्या पालखीक फुडच्या दांडयेक जेचो खांदो, तो दोन शिमगे इलो नाय. औंदा तेका बोलावणा इला हा. तेची वाट जेणी आडवल्यान, तेका सुबुद्धी दी, आणि उद्या सकाळी हसतमुखान तेका गावाक धाड रे म्हाराजा."

"होय महाराजा." पोरं तर आता ओरडतच होती. सबनीसही म्हणाले, माईकवर, दोन्ही हात जोडून. आणि म्हणून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले.

दत्ताराम थांबला नव्हता. "आणि तो परत येयसर तेची नोकरी हयसरच ठेव रे म्हाराजा."

इथे सबनीस गप्प राहिले. पण तीनशे पोरं गप्प राहिली नाहीत. कोळ्याच्या घरातून सरूबाईचा आवाज सगळ्यात मोठा आला.

ढोल सुरू झाले. पालखी उचलली गेली, अंगणात नाचली, फोटो निघाले. पाहुणे पांगल्यावर सबनीस फेटा काढत कोकणी घराच्या ओटीवर आले. मी होतो, सरूबाई होती, दत्ताराम घाम पुसत बसला होता.

"दत्ताराम, हे बरोबर नाही केलंस."

"काय चुकला, सायबानु?"

"अरे, ते प्रात्यक्षिक होतं. ती पालखी खरी नाही, तुलाही माहितीय."

"पालखी खरी नाय," दत्ताराम म्हणाला. "नारळ खरो हा. मीच हाडलंय."

दत्तारामच्या बाजूला ओटीवर ठेवलेला नारळ सबनीसांनी पाहिला. त्या माणसाने कोकणावर पंधरा पुस्तकं वाचलेली. नारळ ठेवून बोललेलं म्हणजे देवाला दिलेला शब्द, हे त्यांना समजवावं लागणार नव्हतं, तेच त्यांच्या आड आलं. मी तोंड उघडणार होतो, भाषण तयार होतं, पण सरूबाई आधी बोलली.

"तू बोल्लास ना होय? भोंग्यावर बोल्लास. सगल्यांनी आयकलं. आता काय?"

"पण शाळा बुक झाल्यात हो," सबनीस म्हणाले, अगदी हळू. मग माझ्याकडे बघून, "पुढच्या दांडीला कोण उभं राहणार?"

दत्तारामने नारळ उचलून त्यांच्या हातात दिला आणि शांतपणे म्हणाला, "ह्यो आसा ना. आमचो भाऊच तो. ह्यो देतलो खांदो."

ह्यो म्हणजे मी.

मी साताऱ्याकडचा. मला शिमग्यातलं बोंबलणं तेवढं ठाऊक. पण सोमवारी सकाळी दत्ताराम रुक्मिणीला आणि ट्रंकेला घेऊन एसटीत बसला, आणि दुपारी मी धोतर नेसून पुठ्ठ्याच्या देवांची पालखी नाचवत होतो. रोज. रंगपंचमीपर्यंत. ज्या ट्रस्टविरुद्ध मी बैठ्या संपाचा बेत केला होता त्या ट्रस्टच्या फोटोत मी पहिल्या रांगेत आहे, आणि वस्तीतली पोरं अजून मला बघून ढोल वाजवल्यासारखं करतात. सरूबाई येता-जाता विचारायची, "काय रं युनियनवाल्या, देव जड हाय का?"

दत्ताराम आठवड्याने परत आला. उजव्या खांद्यावर सोललेलं, तिथे खोबरेल लावलेलं, आणि चालणं असं की रस्ता याच्या बापाचा.

"मिळाला खांदा?"

"कुंडलिक उभो होतो दांडयेखाली. माका बघल्यान आणि बाजूक झालो."

"भांडला नाही?"

"भांडतलो कित्याक? मान माझो. तेणी फक्त इचारल्यान, इतको उशीर कित्याक केलंस. तो दोन वर्सा रागावलेलो, मी येत नाय म्हणून. मान घेतल्यान म्हणून लोक तेका बोल लावीत." मग माझ्या खांद्याकडे बोट करून, "तुझो दुखता?"

"दुखतो."

"आमची पालखी हेच्या दुप्पट जड," असं म्हणून तो घरी निघून गेला. उपकार मानले असतील तर मनात.

परवा सबनीसांनी मला बोलावलं, चहा मागवला आणि गणपतीच्या नव्या पत्रकाचा नमुना दाखवला. गाऱ्हाण्याला पाहुण्यांनी फार पसंती दिली म्हणे, म्हणून चतुर्थीच्या तारखेसमोर मोठ्या अक्षरात छापायचंय: कोकणी घरात दत्तारामचं गाऱ्हाणं. मी पत्रक तसंच दत्तारामकडे नेलं. म्हटलं, बाबा, चतुर्थीला तू गावी जाणार, हे तुलाही माहीत, मलाही माहीत, आता सबनीसांना जाऊन तू सांग, मी थकलो.

त्याने पत्रक वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं.

"छापूंदेत," म्हणाला. "गाऱ्हाणा तेवढा आदल्या रविवारी ठेवूक सांग. नारळ मी हाडतंय."