कळलावीचे कंद डोंगरावर

कोगनोळीपाशी कर्नाटकची हद्द ओलांडली तशी पाट्यांची लिपी बदलली. मे महिना संपत आला होता. निपाणीच्या पुढची रानं नांगरून पडली होती. कऱ्हाडहून मी निघालो होतो नंदगडला, शालन आक्कांकडे. त्या निवृत्त परिचारिका. बियांपासून कळलावी वाढवतात, असं एका ओळखीच्या शिक्षकांकडून कळलं होतं. लाल-पिवळ्या ज्वाळेसारखं फूल येणारी ही रानवेल. मी दोन पावसाळे तिचं बी पेरलं. दोन्ही वेळा बारीक पाती उगवल्या आणि दिवाळीपर्यंत वाळून गेल्या.

बेळगावात कन्नड पाटी न वाचता आल्यामुळे भलत्याच गाडीत चढलो आणि उद्यमबागेत उतरावं लागलं. कारखान्यांची पाळी सुटली होती. एका कामगारानं मोटारसायकल थांबवली.

"खानापूरची गाडी हितनंच जाती. थांबा निवांत."

गाडी येईपर्यंत तोही थांबला. मला पाटी वाचता येत नाही, हे त्यानं ओळखलं असावं.

खानापूरनंतर झाडी वाढली. आक्कांचं घर गावाच्या शेवटाला. त्या अंगणात रबरी मोजे घालून बसल्या होत्या, पुढ्यात कुंड्यांची रांग.

"बरं झालं आलासा," त्या म्हणाल्या. "आज समदं काढाय लागलोय."

त्यांची लेक रांगत्या मुलाला घेऊन पुढच्या आठवड्यात राहायला येणार होती. कळलावीचा कंद विषारी, बीही विषारी.

"पोरगं दिसंल ते तोंडात घालतंय. दवाखान्यात मी लई बघितलंय."

"मग टाकून देणार?"

"टाकायचं कशाला? डोंगरावरचं बी हाय, डोंगरावर न्यायचं."

त्यांचे यजमान, मारुती अण्णा, टोपली घेऊन आले. "एका उन्हाळ्यात मी निम्म्या कुंड्या वतून टाकल्या," ते मला सांगू लागले. "वर कायच दिसंना. रिकाम्या हाईत म्हटलं. आठ दिवस बोलली न्हाय ही."

"बारा," आक्का म्हणाल्या.

मग त्यांनी मला समजावलं. पहिल्या वर्षी एक पात येते आणि वाळते. खाली तांदळाएवढा, फार तर बोटाच्या पेराएवढा कंद झोपलेला असतो. पावसात तो परत उठतो. फूल तिसऱ्या-चौथ्या वर्षी.

दोन्ही हिवाळ्यांत मी ती माती कोथिंबिरीच्या वाफ्यात ओतली होती. तसं सांगितलं. आक्का हसल्या नाहीत.

"म्हंजे उगवलं हुतं की तुमचं."

जेवायला तांदळाची भाकरी आणि कच्च्या फणसाची भाजी होती. त्याआधी त्यांनी मला दोनदा साबणानं हात धुवायला लावले.

उन्हं कलल्यावर डोंगराकडे गेलो. रस्ता रुंद करताना उतार खरवडून काढला होता. तांबडी माती उघडी पडली होती. वरच्या झुडपांत अण्णा खड्डे घेत गेले, आक्का कंद आडवे ठेवत गेल्या. एक कंद माझ्या हातात टोकाशी मोडला. काडी मोडल्यासारखा आवाज आला.

"कोंबाचा डोळा एकच असतोय त्याला," आक्का म्हणाल्या.

"आता येणार नाही?"

"न्हाय. पर पुरा."

मी तो पुरला. मोळी घेऊन उतरणारी एक बाई थांबली. "गौरी हू?" (कन्नडमध्ये गौरीचं फूल, म्हणजे कळलावीच) तिनं विचारलं. आक्कांनी मान डोलावली. बाई वाट सोडून जरा लांबून गेली, माती तुडवायला नको म्हणून.

निघताना मी एक कंद मागितला. तीन वर्षं वाचली असती.

"ह्ये डोंगराचं झालं," आक्का म्हणाल्या आणि गेल्या हंगामातल्या बियांची पुडी दिली. "त्ये न्या. उंचावर ठेवा, पोरांच्या हाताला लागू देऊ नका."

श्रावणात त्यांचा फोन आला. डोंगरावर निम्म्याहून जास्त वेली उठल्या होत्या. नातू आता उभा राहतो, हेही त्यांनी सांगितलं. माझ्या कुंडीत दोन पाती आल्या होत्या. दिवाळीनंतर त्या वाळल्या.

मेलं म्हणून मी दोनदा ओतून दिलं ते जिवंत होतं, हे कळायला दोनशे किलोमीटर जावं लागलं. आता ती कुंडी गॅलरीत कोरडी पडली आहे. तिला कुणी हात लावायचा नाही, असं घरात सांगून ठेवलं आहे. खाली काय आहे ते उकरून पाहावं, असं मलाच अधूनमधून वाटतं. अजून पाहिलेलं नाही.