बीफ, हं!

आमच्या घरात बीफ एकदाच शिजलं, आणि तेही अत्यंत सात्त्विक हेतूनं.

घर म्हणजे सिंगापुरातला, बुकित बातोकमधला आमचा फ्लॅट. घरात मी, माझी बायको वृंदा आणि आमची मुलगी मैत्रेयी. मी मूळचा पुण्याचा, त्यामुळे एखादी गोष्ट आपल्याला येत नाही हे मान्य करायला मला जरा वेळ लागतो. (वृंदाच्या मते ती वेळ अजून आलेलीच नाही.)

एके दिवशी जेवता जेवता मैत्रेयीनं जाहीर केलं, की तिचं आणि केल्विन लिमचं ठरलंय. "आम्हाला वाटलंच होतं!" असं वृंदा आणि मी एकदमच म्हणालो आणि दोघंही एकदमच खोटं बोललो. केल्विन आमच्याकडे यायचा-जायचा. पोरगा गुणी. वरणभात हातानं कालवून खायचा, उठताना स्वतःचं ताट स्वतः घासायचा. (हे बघून वृंदा माझ्याकडे का बघायची, कोण जाणे.) आमची काही हरकत नव्हती. प्रश्न होता त्याच्या आईचा. मिसेस लिमनी मुलाला एकटीनं वाढवलं होतं, आणि त्यांना आमचीच भीती वाटत होती!

"आंटी व्हेरी वरीड लाह," मैत्रेयी म्हणाली. "तिला वाटतं, तुम्ही लोक फार स्ट्रिक्ट. लग्नानंतर केल्विनला सारखं हे खाऊ नको, ते खाऊ नको करणार. ती शनिवारी जेवायला येतेय. त्यानंतरच येस की नो सांगणार. प्लीज, बाबा, नॉर्मल वागा."

आता पोरीचं लग्न एका जेवणावर येऊन ठेपल्यावर बापानं नॉर्मल कसं वागायचं?

"त्यांना आवडतं काय पण?" शुक्रवारी सकाळी मी मैत्रेयीला विचारलं. स्वयंपाकघरात वृंदाचा मिक्सर चालू होता. आतल्या खोलीत मैत्रेयीचा हेअर ड्रायर चालू होता. त्या दोन वादळांमधून तिचं उत्तर माझ्यापर्यंत पोचलं ते असं : "बीफ, हं! एनी काइंड! एव्हरीडे ऑल्सो कॅन!"

मी वृंदाच्या कानाशी जाऊन ते तसंच ओरडून सांगितलं.

"बीफ?" वृंदानं मिक्सर बंद केला. "छे! मी पुरणपोळी करतेय."

"अगं, पुरणपोळीनं त्यांची शंका खरी ठरेल! त्यांना दाखवून द्यायचंय, की आपण किती मोकळ्या मनाची माणसं आहोत. आपण खायचं नाही, पण त्यांना मानानं वाढायचं. आणि मैत्रेयीला सांगायचं नाही. सरप्राइझ!"

"करणार कोण?"

"मी."

वृंदा मोठ्यानं हसली, मग मी हसत नाहीये हे बघून गंभीर झाली, आणि मग तिनं अटी घातल्या. माझ्या स्वयंपाकघरात शिजवायचं नाही. माझ्या फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. माझ्या ओव्हनमध्ये नानकटाई होते, त्याच्याकडे बघायचंही नाही. भांडी माझी नकोत, सुरी माझी नको. "आणि सगळं झाल्यावर बाहेर आंघोळ करून मगच घरात यायचं."

"बाहेर कुठे? लिफ्टमध्ये?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

मी कामाला लागलो. इंटरनेटवर एक दाढीवाला माणूस सापडला. तो बीफ भाजून त्याचे पातळ काप करत होता, ते लांबट पावात भरत होता, आणि सोबत वाटीत त्याच मांसाचा पातळ रस देत होता. सँडविच त्या रसात बुडवायचं आणि खायचं! त्याचं नाव बीफ डिप सँडविच. माझा जीव भांड्यात पडला. पाव बुडवून खाणं! अहो, हे तर आपलंच की! मिसळ खाऊन वाढलेल्या माणसाला बुडवणं कुणी शिकवायचं?

संध्याकाळी ऑफिसमधून येताना सुपरमार्केटात शिरलो. आयुष्यात पहिल्यांदाच त्या बाजूच्या काउंटरपाशी उभा राहिलो. बीफचं पाकीट हातात घेतलं. मनातल्या मनात सगळ्या पितरांची माफी मागितली, आणि तेवढ्यात मागून आवाज आला, "अय्या! तुम्ही इकडे कुठे?"

आमच्या मंडळाच्या साठे काकू! ज्यांना सांगितलेली गोष्ट बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, पासिर रिसपर्यंत, इथल्या मेट्रोच्याही आधी पोचते, त्या साठे काकू! हातात मेथीची जुडी, नजर माझ्या हातातल्या पाकिटावर.

"कु... कुत्र्यासाठी," मी म्हणालो.

"कुत्रा कधी आणलात?"

"नाही, आणायचाय. म्हणजे आधी खाण्याची सोय, मग कुत्रा."

घरी पोचलो तर वृंदा दारातच फोन घेऊन उभी. "मंडळाच्या ग्रुपवर पंचवीस जणांनी अभिनंदन केलंय. कुत्र्याचं नाव काय ठेवायचं म्हणून मतदान चाललंय. सध्या 'मोती' पुढे आहे."

पाकीट सहलीच्या बर्फाच्या डब्यात घालून मी मागच्या सर्व्हिस यार्डमध्ये ठेवलं. सर्व्हिस यार्ड म्हणजे वॉशिंग मशीनची आणि कपडे वाळत घालायच्या बांबूंची जागा; वृंदाच्या अटींप्रमाणे ते परराष्ट्र होतं. शनिवारी दुपारी मैत्रेयी लिम मंडळींना आणायला गेली, आणि मी तिथे संसार थाटला. एका सहकाऱ्याकडून आणलेला एअर फ्रायर वॉशिंग मशीनवर चढवला. रसासाठी माझ्या बॅचलर दिवसांतला, मॅगी करायचा विजेचा टोप काढला. तो दाढीवाला म्हणाला होता, मांसाला मीठमिरी चोळा, लसूण चोळा, आणि मग "प्रेमानं मसाज करा." माझं प्रेम मी दोन प्लास्टिकच्या हातमोज्यांतून, तोंड फिरवून व्यक्त केलं.

थोड्या वेळानं धूर झाला. धूर बाहेर जावा म्हणून मी खिडकी उघडली, तर वारा आत येणारा! सगळा धूर बांबूंवर वाळत घातलेल्या कपड्यांत शिरला. त्यात वृंदाची, संध्याकाळी नेसायची म्हणून काल धुतलेली सुती साडी होती.

"अहो!" स्वयंपाकघराच्या बंद काचेमागून वृंदा ओरडली. "माझी साडी!"

"मी आत घेऊ का?"

"हात लावू नका! तुम्ही त्याच हातांनी..."

साडी तिथेच लटकत राहिली आणि मंद आचेवर मुरत राहिली. वृंदानं मग ठेवणीतली पैठणी काढली. साधं, मोकळंढाकळं वातावरण ठेवायचं ठरलं होतं. आता आमच्याकडे मुंज असावी असं वाटत होतं.

एक गोष्ट मात्र वृंदानं मनापासून केली. आम्ही तिघांनीही पाहुण्यांसारखंच बुडवून खावं, म्हणून आमच्यासाठी मटकीची उसळ आणि काळ्या मसाल्याचा पातळ कट केला. पाहुणीनं चाखलाच तर ठसका लागू नये म्हणून वरची तर्रीही काढून टाकली. इथे माझ्यातला कलावंत जागा झाला. एका वाटीत रस आणि दुसऱ्या वाटीत कट, असं पंक्तिभेदासारखं कशाला दिसू द्यायचं? मी दुकानातून एकसारखे दोन पांढरे चिनी मातीचे वाडगे आणले होते. एकात रस ओतला, दुसऱ्यात वृंदाकडून कट ओतून घेतला, दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी मांडले, आणि लांब उभा राहून बघितलं. काय सुंदर दिसत होते! अगदी जुळे!

बेल वाजली.

मिसेस लिम ठेंगण्या, नीटनेटक्या, चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा ताण. हातात कापडी पिशवी. पैठणी बघून त्या बिचकल्या आणि मुलाला कुजबुजत म्हणाल्या, "आह बॉय, टुडे गॉट वेडिंग, इझ इट?"

त्यांना बसवलं, सरबत दिलं, आणि मी स्वतः मोठ्या थाटात सँडविचचं ताट पुढे आणलं. "स्पेशली फॉर यू," मी म्हणालो. "रोस्ट बीफ डिप सँडविच! आय मेड!"

मैत्रेयीचा चेहरा पांढराफटक पडला. केल्विन छताकडे बघायला लागला. मिसेस लिमनी ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, एक खोल श्वास घेतला, आणि दोन बोटांनी एक सँडविच उचलून आपल्या बशीत ठेवलं.

"थँक यू," त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "यू ऑल नॉट ईटिंग?"

"नो, नो! वी आर हिंदू. वी डोंट ईट बीफ."

"देन व्हाय यू कुक?"

"फॉर यू!"

"बट आय ऑल्सो डोंट ईट!" त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आय प्रे टू ग्वान यिन. सिन्स यंग, बीफ कॅनॉट टच!"

"बाबा!" मैत्रेयी किंचाळली. "ग्वान यिन देवीला मानणारे बीफ खात नाहीत! तुम्हाला कुणी सांगितलं हे करायला?"

"तूच! शुक्रवारी सकाळी! बीफ, हं! एनी काइंड!"

"बी हून! मी म्हटलं, बी हून!"

मिसेस लिमनी कापडी पिशवीतून डबा काढला आणि उघडला. आत तांदळाच्या बारीक शेवया होत्या, कोबी-गाजर घालून परतलेल्या. इतकी वर्षं इथल्या खाऊगल्लीत, म्हणजे हॉकर सेंटरमध्ये, रोज नाश्त्याला बघतो तो, साधा, निरागस, शाकाहारी बी हून. "आय स्केअर्ड यू ऑल कॅनॉट ईट माय फूड," त्या म्हणाल्या, "सो आय मेक व्हेजिटेरियन."

मला त्या डब्यातच तोंड लपवावंसं वाटलं.

पण वृंदाचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. तिच्या कानात एकच गोष्ट शिरली होती. "अगंबाई, देवीचं आहे त्यांचं!" ती उठली, मिसेस लिमच्या बशीतलं ते सँडविच तिनं कागदी रुमालानं उचलून दूर केलं, आणि त्यांचा हात हातात घेतला. "माय मदर ऑल्सो. देवी. व्हेरी स्ट्रिक्ट. यू कम, यू ईट माय उसळ."

आणि मग सगळ्यांचं लक्ष एकदम त्या दोन वाडग्यांकडे गेलं.

"यातला कट कुठला?" वृंदानं विचारलं.

मी बघितलं. डावा तपकिरी. उजवाही तपकिरी. मी वास घ्यायला वाकलो, पण काळ्या मसाल्याचा वास पडद्यांनासुद्धा येत होता, आणि बीफचा मला स्वतःला.

"डावा," मी म्हणालो. मग म्हणालो, "माझ्या डावीकडचा की त्यांच्या?"

"अहो!"

"चाखून बघितलं की कळेल," मी म्हणालो, आणि चूक माझ्या लक्षात आली. चाखणार कोण? वृंदा चाखणार नाही. मी नाही. मिसेस लिम तर खुर्चीसकट मागे सरकल्या होत्या. दोन्ही ओतून टाकावे तर देवीभक्त पाहुणीच्या पुढ्यात कोरडी उसळ, आणि मुलीचं लग्न त्या दोन वाडग्यांच्या मध्ये अडकलेलं!

तेवढ्यात केल्विन पुढे झाला. बिचाऱ्याला मदत करायची होती. त्यानं चमचा उचलला, डाव्या वाडग्यात बुडवला, जिभेवर घोळवला, आणि डोळे मिटून म्हणाला, "धिस वन इझ द बीफ. बट टू मच गार्लिक. अँड नॉट रिड्यूस्ड इनफ."

मी तो वाडगा झटकन दूर सरकवला.

"आह बॉय," मिसेस लिम हळूच म्हणाल्या, "हाउ यू नो?"

केल्विनचे कान लाल झाले. आणि आमची मैत्रेयी, प्रेमानं आंधळी झालेली आमची मैत्रेयी, त्याच्या बचावाला धावली. "नो लाह, आंटी, इट्स सपोज्ड टू बी थिन! आंग मो कियोच्या त्या कॅफेतला तर याच्यापेक्षा पातळ..."

ती थांबली. पण फार उशिरा थांबली.

"मैत्रेयी," वृंदा म्हणाली. एकेक अक्षर तोडत. "तुला गं कसं माहीत?"

मग जे झालं ते मी जवळून बघितलं आहे. वृंदा मैत्रेयीला मराठीत झापत होती, मिसेस लिम केल्विनला चिनीत झापत होत्या, मध्येच एकमेकींकडे बघून "सेम! सेम!" म्हणत होत्या, आणि पुन्हा आपापल्या पोराकडे वळत होत्या. दोघींना एकमेकींचा शब्दही कळत नव्हता आणि अर्थ मात्र पुरता कळत होता. दमल्यावर दोघी शेजारी शेजारी बसल्या. मिसेस लिमनी कटात पाव बुडवला, चाखला, पुन्हा बुडवला. वृंदानं बी हूनचं दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

मैत्रेयीला राहवेना. "आंटी," तिनं घाबरत विचारलं, "सो... येस ऑर नो?"

मिसेस लिमनी तोंड पुसलं. "आय थॉट युअर फॅमिली टू स्ट्रिक्ट," त्या म्हणाल्या. मग वृंदाच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "नाउ आय सी, नॉट स्ट्रिक्ट इनफ. मस्ट मॅरी फास्ट. टू मदर्स वॉचिंग, बेटर."

मला इतका आनंद झाला, की मी उठून जाहीर केलं, "लग्नाचा मेन्यू मी ठरवणार!" दोघी विहिणींनी, एकीनं मराठीत आणि एकीनं इंग्रजीत, एकाच वेळी "नाही!" म्हटलं. आता लग्न जवळ आलंय. कामांची वाटणी झाली आहे आणि माझ्याकडे पाहुण्यांच्या पिण्याच्या पाण्याचं खातं आलंय. बाटल्या सीलबंदच घ्यायच्या, अशी दोघींची ताकीद आहे.