मंगळीनं चाटलेलं सोंग

खर्डीच्या भातगिरणीचा पट्टा थांबला की गुणा वेखंडे बाहेर यायचा तो पांढराफटक होऊनच. भुवया पांढऱ्या, मिशी पांढरी, कानाच्या पाळ्यांवरसुद्धा कोंडा बसलेला. स्टेशनाबाहेरचे रिक्षावाले रोज न चुकता विचारायचे, "काय गुणाभाऊ, आज म्हाताऱ्याचा रोल का?"

"रोल नाय रे, रिहर्सल!" असं म्हणत गुणा लुनाला पायडल मारायचा. पायाशी, पुढच्या मोकळ्या जागेत, त्याचा कुत्रा उभा. कान वाऱ्यावर आणि नजर रस्त्यावर, जणू गाडी तोच चालवतोय.

कुत्र्याचं नाव रिटेक. पंचाण्णव साली सिद्धगडाच्या पायथ्याशी एका सिनेमाचं शूटिंग होतं, तिथं हे पिल्लू दर शॉटला कॅमेऱ्यापुढे यायचं. डायरेक्टर कपाळावर हात मारून ओरडायचा, "रिटेक!" पिल्लाला वाटलं, आपल्यालाच बोलावतात. ते शेपूट हलवत पुन्हा हजर. शेवटी युनिटनं गुणाच्या हातात ते ठेवलं आणि सांगितलं, "तुम्ही मेकप नका करू, हे धरा." तो त्याचा सिनेमातला पहिला दिवस.

मेकपचा नाद त्याला त्याच्याही आधीचा. गावात बोहाडा व्हायचा. देवादैत्यांची सोंगं नाचायची. चुलता मुखवटे रंगवायचा, आणि ज्या सोंगाला मुखवटा नसेल त्याचं तोंड गुणा रंगवायचा. गावाचा एक रिवाज होता. एकदा तोंडाला रंग लागला की त्या माणसाला नावानं हाक मारायची नाही. रंग धुवून येईस्तोवर तो माणूस नव्हेच, तो सोंग. गुणानं एकदा स्वतःच्या सासऱ्याला राक्षस केलं आणि रात्रभर मनसोक्त अरेतुरे केलं. सासरा ते अजून विसरलेला नव्हता.

तर पुढं तानशाच्या जंगलात, धरणाच्या बाजूला शूटिंगवाले यायला लागले, तसा गुणा गिरणीतून सुट्टी काढून पत्र्याची पेटी घेऊन तिथं हजर व्हायचा. काम एकच, मॉबला माती लावणं. सिनेमातल्या गावकऱ्यांना सिनेमातल्या गावकऱ्यांसारखं मळवायचं. एकदा एका युनिटनं त्याला वाईला नेलं, एकदा कोल्हापूरला.

"काय बघितलंत कोल्हापूरला?" त्याच्या बायकोनं, कवितानं विचारलं.

"नाकं."

"देवीचं देऊळ नाय बघितलं?"

"बघितलं ना. पुजाऱ्याचं नाक असं सरळ हाय म्हणून सांगू! आपल्या नाकांवर सावली थांबतच नाय गो."

कविता कपाळाला हात लावायची. "लोकांच्या नवऱ्यांच्या कपड्याला दारूचा वास येतो. माझ्या नवऱ्याच्या कपड्याला फाउंडेशनचा." पण ती हे चारचौघींत सांगायची तेव्हा तिचा आवाज थोडा वर चढायचा. घरात पावडरच्या डब्यात झोपणारी मांजर होती, तिचं नाव पफ. मंगळवारी जन्मलेली बकरी होती, मंगळी. आणि या सगळ्या जनावरांच्या अंगावर कधी ना कधी गुणानं जखमा, भाजल्याचे डाग नाहीतर म्हातारपण काढून बघितलेलं होतं. एकदा रिटेकच्या कपाळावर त्यानं गोळीची जखम इतकी बेमालूम काढली, की शेजारीण हळद घेऊन धावत आली.

एवढं सगळं असून गुणाच्या मनात एक खंत होती. त्यानं रंगवलेलं तोंड पडद्यावर कधी मोठं दिसलं नव्हतं. दिसायच्या त्या पाठी, हात आणि लांबचा घोळका. "एक चेहरा," तो कविताला म्हणायचा, "एकच. कपाळापासून हनुवटीपर्यंत माझ्या हातचा. मोठ्ठा दिसला पाहिजे. मंग पेटी माळ्यावर टाकली तरी चालंल."

तो चेहरा नव्याण्णव साली फेब्रुवारीत आला.

भाताचा हंगाम उरकला होता. तानशाकडच्या एका वाडीत शूटिंग लागलं. गोष्टीत एक म्हातारी रस्त्यावर बसून एसटीची वाट बघते. मुलगा यायचाय, येत नाही. बोलणं काही नाही, नुसतं बघायचं. मुंबईचे मेकपमन शेखरदादा गुणाला म्हणाले, "इथली कुणी आहे का रे? खरी सुरकुती पाहिजे."

गुणानं अंबूबाईला आणलं. ती गावाच्या कडेच्या वाडीतली. दरवर्षी वीटभट्टीवर जायची, पण त्या साली गुडघे धरले म्हणून मागं राहिली. लेक तानी आणि जावई भिवंडीकडं भट्टीवर. अंबूबाईचे केस कापसासारखे पांढरे, तोंडावर सुरकुत्यांचं जाळं. डायरेक्टरसाहेब तिला बघून खुर्चीतून उठलेच.

पहिल्या दिवशी पाठीमागून आणि लांबून शॉट झाले. पांढरा अंबाडा, शेजारी मंगळी बांधलेली, समोर रिकामा रस्ता. संध्याकाळी शेखरदादांनी गुणाला बाजूला घेतलं.

"उद्या हिचा क्लोजअप. मी हिरॉइनबरोबर धरणावर असणार, पेटी माझ्याबरोबर. हा चेहरा तुझा. पण आजच्यासारखीच दिसली पाहिजे, केसाचाही फरक नको. बिघडलं तर पुढच्या वेळी माझ्या सेटवर फक्त चहा प्यायला यायचं."

गुणा अंबूबाईला लुनावर मागं बसवून घरी सोडायला गेला आणि वाटभर बजावत राहिला. "आजी, उद्या आंघोळ करायची नाय."

"बरं."

"केसाला तेल लावायचं नाय."

"बरं रे."

"लुगडं हेच. धुवायचं नाय."

"अरे, आता जेवू तरी ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबूबाई कवितासोबत सेटवर आली. आंघोळ केलेली नव्हती. तेल लावलेलं नव्हतं. लुगडं कालचंच, धुळीसकट.

आणि केस काळेभोर.

गुणानं हातातली पेटी खाली ठेवली. रिटेक तिच्याभोवती फिरून वास घेऊन आला आणि शिंकला.

"आजी… हे काय?"

"काय म्हंजे? तू बोललास ते समदं केलंय. तेल लावलं का? नाय. आंघोळ केली का? नाय."

"केस! केस कुणी केले?"

अंबूबाईनं कविताकडं बघितलं. कवितानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मीच लावला कलप. तुमच्याच पेटीतला, नाटकातल्या राजाचा. ती काल रातच्याला आली, बोलली, माझी तानी सिनेमा बघंल, तिला वाटंल आय खंगली, तिकडं भट्टीवर तिचा जीव लागायचा नाय. मंग काय करणार होते मी?"

"मला विचारायचं!"

"तुमी घोरत होतात."

तेवढ्यात समीक्षा आली. समीक्षा म्हणजे कालचा शॉट आणि आजचा शॉट जुळतो की नाही हे बघणारी मुलगी. तिच्या गळ्यात तो फोटो लगेच बाहेर काढणारा कॅमेरा. तिनं कालचा फोटो बघितला, अंबूबाईकडं बघितलं, पुन्हा फोटो बघितला. "गुणाभाऊ, साहेब दुपारी येतायत," ती हळूच म्हणाली. "तोवर मी काहीच पाहिलेलं नाही."

कलप धुऊन जाणाऱ्यातला नव्हता. पांढऱ्या रंगाची ट्यूब शेखरदादांच्या पेटीत, पेटी धरणावर. गुणानं स्वतःच्या पेटीतली पावडर मारली, तर केस राखाडी दिसायला लागले, चुलीत डोकं घातल्यासारखे. बोहाड्याचा पांढरा लावला, तर पापडासारखा कडक होऊन तडकला. शेवटी त्यानं कविताला घरी पिटाळलं. तिनं तांदळाची बारीक पिठी आणि खोबरेल आणलं. दोन्ही कालवून त्यानं एक बट रंगवून बघितली. कालच्या फोटोशी धरली. जुळली.

पण अंबूबाई डोकं द्यायला तयार नव्हती. तिनं पदर गच्च ओढून घेतला.

"नाय रे बाबा. मला म्हातारी नको करू. तानी रडंल."

गुणा तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याला ओरडायचं होतं, पण त्यानं वेगळंच विचारलं. "आजी, तुझा नवरा बोहाड्यात म्हसोबा व्हायचा ना?"

"व्हायचा की. पोरं मुतायची त्याला बघून."

"तू घाबरायचीस?"

"मी कशाला घाबरू? तो तर सोंग. सकाळी मीच त्याला घासून घासून आंघोळ घालायचे. अन् मंग माझ्याकडं बघून असा लाजायचा…" अंबूबाई बोळकं उघडून हसली.

"मंग हे पण सोंगच हाय. म्हातारी बसलीय रस्त्यावर, ती सोंग. तू नाय. तानीला बोहाडा ठावं हाय ना?"

"तिला नाय तर कुणाला?" अंबूबाईनं विचार केला. पदर थोडा सैल झाला. "पण माझं खरं तोंड तिला कसं दिसंल?"

मागं उभी असलेली समीक्षा पुढं आली. "आजी, आधी तुमचा फोटो काढू. असाच, काळ्या केसांचा. तो तानीला पाठवा."

फोटो कॅमेऱ्यातून जिभेसारखा बाहेर आला. अंबूबाईनं तो हवेत हलवला, मग स्वतःकडं बघून म्हणाली, "अगो बया. ही तर तानीची थोरली बहीण." आणि पदर खाली टाकून गुणापुढं डोकं केलं. "घे. कर सोंग."

गुणा कपाळापासून सुरू झाला. केस, भुवया, डोळ्यांखालची सावली. ओठांच्या कडांना त्यानं बोटानं थोडी धूळ लावली. शेवटी मागं सरून बघितलं. अंबूबाई नव्हती तिथं. कुणीतरी होतं जे फार दिवस वाट बघत होतं. कवितानं हाक मारली, "आजी, पाणी देऊ?" तर गुणा खेकसला, "हाक मारू नको! रंग लागलाय."

साहेब आले ते उन्हं कलल्यावर. कॅमेरा अगदी जवळ लागला. शेजारी कालच्यासारखीच मंगळी बांधली. "ॲक्शन" झालं.

अंबूबाईनं रस्त्याकडं बघितलं. बघतच राहिली. गुणाला वाटलं, आत्ता एसटी आली तर आपण स्वतः धावत जाऊ तिच्या मुलाला उतरवून घ्यायला. आणि त्याच वेळी मंगळीला खोबरेलाचा वास लागला. तिनं मान लांब केली, जीभ काढली आणि अंबूबाईच्या कानावरच्या केसांची पिठी चाटली. एकदा. मग चव आवडली म्हणून पुन्हा.

अंबूबाईनं रस्त्यावरची नजर हलवली नाही. घरी चुलीपाशी आलेल्या बकरीला ढकलावं तसं नुसत्या कोपरानं मंगळीचं तोंड बाजूला सारलं आणि वाट बघत राहिली.

"कट!" साहेब उडालेच. "ओके! काय शॉट दिलात आजी! बकरीला कुणी शिकवलं?"

सगळे टाळ्या वाजवत होते. गुणा मात्र अंबूबाईच्या कानाकडं बघत होता. तिथं पांढऱ्यात एक काळा ठिपका चमकत होता, मंगळीच्या जिभेएवढा. गप्प बसता आलं असतं. पण चेहरा त्याचा होता.

"साहेब," तो म्हणाला, "डाग दिसतोय. रिटेक घ्या."

रिटेक उठून उभा राहिला.

साहेबांनी ठिपका बघितला, मावळतीकडं बघितलं. "ऊन गेलं, गुणाभाऊ. आणि ते बघणं पुन्हा येत नाही. राहू दे, कुणाच्या लक्षात येतंय?"

"माझ्या," गुणा म्हणाला, पण तोवर साहेब जीपकडं निघाले होते.

पुढचं वर्षभर तो ठिपका गुणाच्या डोळ्यांसमोर होता. गिरणीत तांदळात काळा दाणा दिसला तरी त्याला अंबूबाईचा कान आठवायचा. "साऱ्या महाराष्ट्राला दिसणार," तो कविताला म्हणायचा. "एक चेहरा मिळाला, तो पण बकरीनं खाल्ला." ती म्हणायची, "पुरा नाय खाल्ला," आणि त्यानं त्याला अजिबात बरं वाटायचं नाही.

सिनेमा शहापूरला लागला तेव्हा गावानं टेम्पो केला. तानी आणि जावई भट्टीवरून परत आले होते. तानीच्या पिशवीत तो फोटो होता, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. थिएटरात अंबूबाई मधे बसली, एका बाजूला तानी, दुसऱ्या बाजूला कविता. गुणा टोकाच्या खुर्चीवर, पाय हलवत.

आणि मग पडदाभर तो चेहरा आला. कपाळापासून हनुवटीपर्यंत. एकेक सुरकुती लुनाच्या वाटेएवढी. मागच्या रांगेतल्या अनोळखी बाईनं नाक ओढलं. गुणानं काढलेली डोळ्यांखालची सावली तिथं होती, ओठांच्या कडेची धूळ तिथं होती. मग डावीकडून मंगळीचं तोंड आलं. गाव खुसखुसलं. जीभ फिरली. आणि कानावर काळा ठिपका उमटला, पडद्यावर चांगला परातीएवढा.

गुणानं डोळे मिटले.

"तानी!" अंधारात अंबूबाईचा आवाज अख्ख्या थिएटरला ऐकू गेला. "रडतेस कशाला गो? तो काळा ठिपका दिसला का कानापाशी?"

"दिसला गो आये."

"तेवढी मी. बाकीचं समदं गुणाचं सोंग."

थिएटर हसलं, मागची अनोळखी बाईसुद्धा, नाक ओढता ओढता. गुणानं डोळे उघडले. चेहरा अजून पडद्यावर होता, रस्त्याकडं बघत. या खेपेला त्यानं ठिपका सोडून बाकीचं बघितलं, शॉट संपेपर्यंत.

बाहेर आल्यावर कवितानं विचारलं, "मंग? पेटी टाकू का माळ्यावर?"

"थांब की," गुणा म्हणाला. थिएटराच्या दारात उभ्या तिकीटवाल्याच्या नाकाकडं तो बघत होता. "काय सरळ हाय गो."