नावडत्या राणीचा आवाज

गल्लीत एकदा पिक्चर निघाला की किस्से माळ्यावरच्या बोचक्यांसारखे साठतात. एक ओढावं तर दहा अंगावर येतात. आमच्या लातूरच्या गल्लीत तेच झालंय. त्यात मला शेजारी काय चाललंय ते कळल्याशिवाय जेवण जात नाही, म्हणून माझ्याकडं जरा जास्तच साठलेत. बरेचसे हसायचे आहेत. पण मला अजून राग येतो, ते आधीच सांगून ठेवते.

भाजीच्या गाड्यावर मेथी बघत होते. पलीकडं दोघी बोलत होत्या, "वंदनाला काढलं म्हणे पिक्चरमधून, आता नुसता…" तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर गेली आणि दोघी गवारीचा भाव विचारायला लागल्या.

वंदनाचं घर माझ्या भिंतीला भिंत लावून. तहसीलला नोकरी करते, आणि चौदा एप्रिलच्या जयंतीला गायला उभी राहिली की पार पलीकडच्या गल्लीतली माणसं येऊन बसतात. मेथी तशीच ठेवून मी तिच्याकडं गेले.

"काकू, राणीचं गाणंच माझं हाय. मला काढून काय दाखवतील?" ती हसत म्हणाली. "माय यायची हाय हदगावहून, पहिला खेळ बघायला. तिच्या कानावर असलं घालू नका."

*

पिक्चर काढला होता प्रसादनं. म्हणजे आमच्या गल्लीतल्या सरांचा पुतण्या, पुण्याहून शिकून आलेला. सगळ्या जुन्या गोष्टी एकात गुंफायच्या आणि मधे मधे गाणी. भोपळ्यातली म्हातारी गडगडत नावडत्या राणीच्या झोपडीशी येते, तिथंच कावळा घर वाहून गेलं म्हणून रडत असतो, मागून राक्षस.

मी म्हटलं, "म्हातारी वाटेत उतरली तर वाघ खाईल की तिला."

"काकू, लॉजिक नका लावू."

बरं, नाही लावलं. पण पुढं कळलं की राजा, राणी, म्हातारी, अगदी कावळासुद्धा पुण्यासारखं बोलणार. आमच्यासारखं बोलणार फक्त राक्षस.

"राक्षस तेवढा लातूरचा का रे?"

"काकू, त्यानं कॉमेडी येते."

राक्षस झाला होता आमचा दूधवाला. तो शांतपणे म्हणाला, "सकाळी दूध घालतो तवा माझी बोली चालती ह्यांना. माणसं खायला निघालो की कॉमेडी व्हती."

*

शूटिंग औशाला, किल्ल्यावर. राजानं राणीला हाकललंय असा सीन. राजा स्वतः सर. वंदना दिवसभर तापल्या दगडावर अनवाणी उभी, गाणं परत परत. मी डबा घेऊन गेले होते, म्हणजे डब्याचं निमित्त.

शेळ्या घेऊन आलेली एक म्हातारी बराच वेळ बघत होती. कॅमेरा लांब होता, तिला काही कळलं नाही. सर मुकुट घालून सावलीत चहा घेत होते. ती सरळ त्यांच्यासमोर काठी टेकून उभी राहिली.

"बायकूला उन्हात उभं करून च्या पिऊन राहिलास? डोक्यावर काय बांधलंयस, लाज झाकायला?"

सर म्हणाले, "आजी, हे नाटक आहे."

"मग तू जा की उन्हात. तिला दे च्या."

वंदनाला हसू आवरेना. तो दिवस तिचा फार आनंदाचा गेला.

*

आता रागाचं. राणीची साडी सरांच्या घरची होती. शूटिंग संपल्यावर वंदनानं ती धुऊन, इस्त्री करून, कागदात घालून परत दिली. माझ्यासमोर. दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर पापड घालायला गेले, तर तीच साडी सरांच्या दोरीवर, पाणी गळत असलेली.

धुतलेली साडी परत कशाला धुतली? गाड्यावरचं बोलणं आठवलं. मी विरजण मागायच्या निमित्तानं गेले.

सरांची बायको म्हणाली, "आता मुग्धा नेसणार आहे ना." मुग्धा म्हणजे त्यांची सून. "एक-दोन शॉट राहिलेत."

प्रसाद मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "काकू, वंदनाताईंचा आवाज सोनं आहे. पण काही चेहरे कॅमेरा राणी म्हणून घेत नाही."

"औशात दिवसभर घेतला की."

सरांच्या बायकोनं विरजणाची वाटी पुढं केली. मी म्हटलं, "राहू द्या, आमचं दूध फाटलं," आणि तशीच घरी आले. वंदनाला सांगायला तिच्या दारापर्यंत गेले. आत ती मायशी फोनवर बोलत होती, कुठली साडी नेसून यायचं ते सांगत होती. माझ्यानं झालं नाही.

*

पहिला खेळ नांदेडला, मोठ्या हॉलात. सगळी गल्ली गेली. वंदनाची माय निळं काठापदराचं लुगडं नेसून लेकीला खेटून बसली, मी पलीकडं.

नावडत्या राणीचं गाणं सुरू झालं. पडद्यावर मुग्धा ओठ हलवत होती. गाड्यावर ऐकलेलं अर्धंच खरं होतं तर. वंदनाला काढलं होतं, पण सगळी नाही. आवाज ठेवून घेतला होता.

सगळा हॉल चिडीचूप, आणि वंदनाच्या मायनं मोठ्यानं विचारलं, "वंदे, गळा तुजा हाय, मग बाई कोणाची हाय ही?"

वंदनानं तिचा हात धरला फक्त.

पिक्चर संपला. बोलावलेले प्रमुख पाहुणे फार खूश. माईकवरून म्हणाले, राणीनं ते गाणं आत्ता इथं म्हणून दाखवावं. टाळ्या पडल्या, मुग्धाला स्टेजवर नेऊन उभं केलं. प्रसाद वाकत वाकत आमच्या रांगेत आला.

"ताई, पडद्यामागून म्हणता का? मागं दुसरा माईक आहे. इज्जतीचा प्रश्न आहे."

वंदनानं मायकडं बघितलं. "हाव," म्हणाली आणि उठून गेली. मला तिचा असा राग आला की काय सांगू.

स्वागतगीताला आणलेल्या पेटीवाल्यानं सूर धरला. मुग्धानं हात छातीशी नेला, डोळे मिटले, तोंड उघडलं. काहीच नाही. तिनं तोंड मिटलं, परत उघडलं. पेटीवाला पुन्हा पहिल्यापासून आला. पुढच्या रांगेत सर घाम पुसायला लागले.

मग पडद्यामागून, माईकमधून, अगदी सावकाश आवाज आला.

"म्हणा की, ताई. मी ऐकून राहिले."