नानखटाईच्या डब्यातल्या गोळ्या

१७ नोव्हेंबर १९९६, रविवार. सकाळपासून कमलचं कपाट आवरत होते. कमल माझी धाकटी जाऊ. तिला जाऊन तीन आठवडे झाले, दिरांना कपाट उघडवेना, म्हणून ते काम मी घेतलं. साड्या, ब्लाउजपीस, लेसची रिळं... आणि खालच्या कप्प्यात नानखटाईचा पत्र्याचा डबा. आत गोळ्यांच्या पट्ट्या.

हा डबा आमच्या सगळ्या गल्लीला ठाऊक. धुळ्याहून लग्न होऊन आल्यापासून कमल पर्वत पाटियाच्या कापडबाजारातून साड्या आणून घरी लेस लावायची. दिवसभर मान खाली. पाठ, मान, डोकं, काहीतरी दुखायचंच. तिचं आणि बरोबरीने बसणाऱ्या शेजारणींचंही. पट्टीवरचं इंग्रजी त्यांच्यातल्या कुणाला वाचता येत नसे, म्हणून कमलने रंग ठरवून टाकले होते. डोक्याला पांढरी, अंगाला गुलाबी, सर्दीतापाला पिवळी. गोळी देण्याआधी चेष्टा व्हायचीच. "काय गं मंगल, डोकं दुखतंय की नवरा? नवऱ्यावरची गोळी नाही हं माझ्याकडे!"

नवरात्रात ती नऊ दिवस नुसत्या चहापाण्यावर राहायची. यंदा त्यातच दाढ दुखायला लागली, वर दिवाळीच्या साड्यांची घाई. दाढेला पांढरी, पाठीला गुलाबी, कणकण वाटते म्हणून पिवळी... दिवसातून चार-पाचदा तिन्ही. मी म्हटलं, "अगं, गोळीआधी निदान कपभर दूध तरी घे." ती हसून अहिराणीत म्हणाली, "ताई, उपासले गोयी चालस. गोयी काय जेवन शे?" उपासाला गोळी चालते, गोळी म्हणजे काही जेवण नव्हे. मला ते पटलं. मी शाळेत इंग्रजी शिकवते. पण पट्टी उलटून वाचायचं काही मला सुचलं नाही.

दसऱ्याला उलट्या सुरू झाल्या. उपासाचं पित्त, असं म्हणून आम्ही दोन दिवस घालवले. डोळे पिवळे दिसले तेव्हा इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं, मी घरून डबा आणला. त्यांनी तिन्ही पट्ट्या शेजारी-शेजारी मांडल्या आणि गुजरातीत म्हणाले, "बेन, आ त्रणेमां एक ज दवा छे." तिन्हींत एकच औषध, पॅरासिटामॉल. ठरल्या मात्रेत साधं. तिप्पट झालं, तेही उपाशी पोटी, की यकृत हात टेकतं. उतारा असतो, पण तो लवकर द्यावा लागतो. आम्ही उशीर केला होता. पाचव्या दिवशी कमल गेली.

डबा मांडीवर घेऊन बसले होते, तेवढ्यात मंगल दारात. "ताई, सकाळपासून दोन गुलाबी घेतल्या, तरी डोकं दुखायचं थांबत नाही. वहिनींची पांढरी द्या ना."

"जेवलीस का?"

"साड्या द्यायच्यात आज. कुठलं जेवण?"

मी तिला बसवून भाकरी-भाजी वाढली. गोळी दिली नाही. "कमलवहिनी कधी नाही म्हणत नव्हत्या," ती उठताना फणकारली. खरं होतं ते.

१८ नोव्हेंबर, सोमवार. आज शाळेत जाण्याआधी मी चष्मा लावून एकेक पट्टी वाचली. मुदत संपलेल्या फेकल्या. उरलेल्यांवर कागद डकवून आतल्या औषधाचं नाव मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं आणि डबा घेऊन मंगलचं दार वाजवलं.

"मोठ्याने वाच," म्हटलं.

तिने पांढरी वाचली. गुलाबी वाचली, तेच नाव. पिवळी हातात घेतली आणि न वाचताच माझ्याकडे बघत राहिली.