पुतळीने शिवलेल्या खिडक्या

पुतळी म्हात्रेने आयुष्यभर लोकांची पुस्तकं बांधली. स्वतःचं म्हणून एकच बांधलं.

रोह्याचा पूल ओलांडला की अष्टमी. तिथे भाड्याच्या दोन खोल्यांत ती आणि तिचा नवरा विठू राहायचे. विठू धाटावला एका केमिकल कंपनीत कंत्राटी कामगार होता. पुतळी सुरुवातीला बाजारपेठेतल्या शेट्यांच्या छापखान्यात झाडलोट करायला लागली, मग कागद दुमडायला, मग शिवायला. दत्तात्रेय शेट्ये तोंडाने फटकळ, पण शिकवायला कंटाळा न करणारे. खळीत चिमूटभर मोरचूद टाकला की पुस्तकाला कसर लागत नाही, हे तिला त्यांनीच सांगितलं. दोन-तीन वर्षांत गावातल्या वाचनालयाची फाटकी पुस्तकं थेट तिच्या घरी यायला लागली. चौथीपर्यंत शिकलेली होती. बांधता बांधता एखादं पान वाचायची आणि बाजूला ठेवायची.

ही दोघं मूळची पेणच्या पलीकडची, खाडीकाठच्या खारदेवळीची. विठूचं अर्धं वर्ष मिठागरात जायचं आणि पावसाळा बांधाआडच्या भातशेतीत. एका श्रावणात अमावास्येच्या उधाणाने बांध फुटून खांड पडली. अख्खं गाव टोपल्या, पेंढा, चिखल घेऊन धावलं. खाडीचं पाणी एकदा शेतात घुसलं की तीन-चार वर्षं भाताचं नाव घ्यायला नको. विठू सकाळपासून कमरेइतक्या पाण्यात उभा होता. दुपारी पुतळीने फडक्यात भाकरी बांधली आणि लेकीच्या हातात दिली.

"बाबाला दे नि लगेच मागं फिर," ती म्हणाली.

हिरू आठ वर्षांची होती. ती बांधावर पोचली तेव्हाच शेजारचा तुकडा खचला. दुसऱ्या दिवशी तिवरांच्या झाडीत सापडली.

शेत खारं झालं म्हणून म्हात्रे रोह्याला गेले, असं लोक सांगत. ते खोटं नव्हतं. पण शेतं सगळ्या गावाची खारी झाली होती आणि गाव तिथेच राहिलं होतं.

अष्टमीच्या घरात हिरूचं नाव कुणी घेत नसे. पहिल्या वर्षी एकदा पुतळीच्या तोंडून गेलं, तर विठू ताटावरून उठला, पायात चपला घातल्या आणि पुलावर जाऊन उभा राहिला. नंतर तिने घेतलं नाही. दुसरं मूल झालं नाही. माणूस वाईट नव्हता. पगार हातात आणून द्यायचा, दारूला शिवायचा नाही, तिला ताप आला तर भाकऱ्या थापायचा. फक्त बोलायचा नाही.

सत्त्याण्णव साली वाचनालयात मृणाली ताम्हनकर ही नवी ग्रंथपाल आली. घराणं शिक्षकांचं, स्वतः मुंबईत शिकलेली. तिथे तिने हाताने बनवलेल्या पुस्तकांचं प्रदर्शन पाहिलं होतं आणि तसं रोह्यात भरवायचं तिच्या मनाने घेतलं. इंग्रजीतली एक फार जुनी भयकादंबरी वाचनालयात मराठीत होती. सगळ्यांनी त्या एकाच कादंबरीवरून आपल्या मनाने एकेक पुस्तक घडवायचं, असं तिने ठरवलं.

वाचनालयाच्या समितीचे अध्यक्ष म्हणाले, "भुताची गोष्ट? अहो, संतचरित्र घ्या एखादं."

"संतचरित्रावर सगळे एकच पुस्तक करतील, काका," मृणाली म्हणाली. तिचं चाललं.

तिने आमंत्रणं दिली ती पेणच्या गणपतींच्या कारखान्यांतल्या रंगाऱ्यांना, शाळांतल्या चित्रकलेच्या शिक्षकांना, बाइंडिंगवाल्यांना. पुतळीकडे ती स्वतः आली.

"मी कसली कलाकार, ताई? मी पुठ्ठे चिकटवते."

"पुतळीताई, गोष्ट तरी ऐका. नाही आवडली तर नका करू."

दोघी उंबऱ्याशी बसल्या. पुतळीच्या मांडीवर एक अर्धं शिवलेलं पुस्तक होतं, ती ऐकता ऐकता दोरा ओढत होती. मृणाली सांगत होती. समुद्राकाठी एक मोठं घर. घरात नवरा, बायको आणि त्यांची एकुलती मुलगी. एके दिवशी मुलगी भरतीत सापडते. बाप घराच्या समुद्राकडच्या सगळ्या खिडक्या खिळे ठोकून बंद करतो. घरात तिचं नाव काढायचं नाही, असा हुकूम. आणि मग जिन्यावर रोज ओली पावलं उमटायला लागतात...

दोरा थांबला होता. मृणालीने वर पाहिलं आणि तिला कळलं की काहीतरी झालंय. काय झालंय ते नाही कळलं.

"मी थांबते," ती म्हणाली.

"नको थांबू. सांग गो पुढं," पुतळी म्हणाली. तिने मृणालीला एकेरी हाक मारली ती तेवढीच. "आई काय करते?"

"आई रोज ती पावलं पुसते. कुणाला सांगत नाही. शेवटी एक दिवस सगळ्या खिडक्या उघडते आणि घर सोडून जाते."

पुतळीने हिरूबद्दल काही सांगितलं नाही. "करते," एवढंच म्हणाली.

विठूची दुसरी पाळी असली की दुपार तिची असायची. एका दुपारी ती एसटीने पेणला गेली आणि तिथून खारदेवळीला. गाव सोडल्यापासून पहिल्यांदाच. बांध आता दगडांचा झाला होता. जाऊ सीताबाईने तिला पाणी दिलं, चहा दिला आणि न विचारता ट्रंक उघडली. हिरूचा एक परकर तिने जपून ठेवला होता. हिरवा, काठाला पिवळी फुलं.

"मला वाटलंच, कधीतरी येशील न्यायला," सीताबाई म्हणाली.

पुस्तकात अक्षर एकही नव्हतं. जाड करड्या पानांत पुतळीने छोट्या खिडक्या कापल्या. प्रत्येक खिडकीमागे परकराचा एकेक तुकडा लावला, खिडकीला पुठ्ठ्याची झडप बसवली आणि ती चारी बाजूंनी दोऱ्याने शिवून टाकली. टाके इतके दाट की आत काय आहे ते दिसू नये. शेवटच्या पानावरची खिडकी तेवढी तिने शिवली नाही.

परकर कापायला कात्री लावली त्या दिवशी ती जेवली नाही. विठूने विचारलं, "बरं नाय काय?" ती म्हणाली, "डोकं दुखतंय."

प्रदर्शन वाचनालयाच्या सभागृहात भरलं. पेणच्या एका रंगाऱ्याने कागदाच्या लगद्याचं, उघडलं की घर उभं राहील असं पुस्तक केलं होतं. त्याच्याभोवती पोरांची गर्दी. पुतळीच्या पुस्तकापाशी बायका थांबत, पानं उलटत, शेवटची खिडकी उघडत आणि ती लावून पुढे जात. मृणाली तिला म्हणाली, "लोक विचारतायत, कुणी केलंय." पुतळीला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

विठूला यातलं काही ठाऊक नव्हतं. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसलेला रघू सहज म्हणाला, "वहिनींचं पुस्तक बघितलं. हिरव्या कापडाचं. झकास हाय."

पाळी सुटल्यावर विठू घरी आला नाही. कंपनीच्या निळ्या कपड्यांत तसाच सभागृहात शिरला. टेबलाशी उभं राहून त्याने शेवटचं पान काढलं आणि खिडकी उघडली.

"हा हिरूचा हाय," तो म्हणाला. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

पुतळी पुढे आली. "व्हय."

"तू कापलास?"

"व्हय."

"लोकांना बघायला मांडलास?" त्याने झडप मिटली. "माझ्या पोरीचं कापड लोकांनी हातात धरायचं?"

"घरात धरायला देतोस का तू?" पुतळी म्हणाली.

त्याने पुस्तक छातीशी धरलं आणि तो निघून गेला. मृणाली मागे धावायला निघाली, पुतळीने तिचा हात धरला. त्या जागी दोन दिवस नुसतं टेबल होतं.

घरी पुस्तक कपाटावर, विठूच्या डब्याशेजारी पडलेलं होतं. तो त्याच्याकडे बघायचा, कामाला जायचा, परत यायचा. तिसऱ्या दिवशी, रविवारी, ती खळ ढवळत असताना तो भिंतीला टेकून बसला.

"ती गोष्ट काय हाय?" त्याने विचारलं.

पुतळीने सांगितली. मृणालीने सांगितली होती तशी, समुद्र, घर, खिळे, ओली पावलं. आई खिडक्या उघडून निघून गेली, तिथे ती थांबली.

"नि बाप?"

"तो ऱ्हायला तिथंच."

"बापाला कुणी इचारलं नाय व्हय," विठू म्हणाला, "खिळे का ठोकलेस म्हणून?"

खळ लागायला आली होती. पुतळीने स्टोव्ह बंद केला आणि त्याच्याजवळ जाऊन बसली. "मी इचारते," ती म्हणाली.

तेव्हा तो रडला. पोरगी सापडली त्या दिवशीही तो रडला नव्हता, प्रेत त्यानेच उचलून आणलं होतं. सांगायला लागला की तिच्या मुठीत भाकरीचं फडकं तसंच होतं, ते सोडवायला त्याला एकेक बोट उघडावं लागलं, आणि हे पुतळीला कळू नये म्हणून त्याने ते फडकं बांधाच्या चिखलात पुरलं. एवढं एक सांगायचं नव्हतं, म्हणून त्याने काहीच सांगितलं नव्हतं.

कथांमध्ये यानंतर सगळं नीट होतं. इथे झालं नाही. बोलायला लागल्यावर विठूला अष्टमीत राहवेना. त्याला बांध दिसायला हवा होता. पुढच्या पावसाळ्याआधी त्याने कंपनी सोडली आणि तो खारदेवळीला भावाकडे गेला. "चल," तो म्हणाला. पण पुतळीला भरतीचा आवाज ऐकत झोप येणार नव्हती. तिने खूप विचार केला आणि नाही म्हणाली. भांडण झालं नाही. पुस्तक तो घेऊन गेला, तिनेच दिलं.

मृणालीने पुढच्या वर्षी पुन्हा आमंत्रण दिलं. पुतळीने लोकांच्या पुस्तकांना पुठ्ठे घालून दिले, स्वतःचं काही केलं नाही.

विठू महिन्यातून एखाद्या रविवारी येतो. सुकट आणतो, पावसाळ्यानंतर तांदूळ आणतो. दोघं जेवतात आणि हिरूबद्दल बोलतात. परवा त्यांचं वाजलं. विठू म्हणत होता, पोर बेडकांना भ्यायची. पुतळी म्हणाली, छे, बेडूक धरून माझ्या पदरात टाकायची, भ्यायची ती खेकड्यांना. विठू ऐकेना. मग एसटीची वेळ झाली, तिने त्याच्या पिशवीत भाकऱ्या घातल्या, आणि तो दारातून वळून पुन्हा म्हणाला, "बेडकांनाच."