मालकाच्या सातबाऱ्यावर

कोर्टाने आम्हा दोघांना एकाच आदेशात जामीन दिला. मी त्याच संध्याकाळी घरी आईच्या हातचं जेवले. तो नाशिकरोडच्या जेलमध्येच राहिला.

तो म्हणजे आमच्या गुन्ह्यातला आरोपी नंबर दोन. सुरगाण्याकडचा, द्राक्षबागांत राबणाऱ्या मजुरांच्या टोळीचा मुकादम. एक नंबर मी, कारण आमच्या मजूर संघटनेचं पत्रक मी लिहिलेलं होतं. दिंडोरीकडच्या एका बागेत फवारणी करताना त्याच्या टोळीतली बाई चक्कर येऊन पडली. औषध हाताळणाऱ्यांना मास्क आणि हातमोजे द्या, एवढीच आमची मागणी. त्यासाठी तहसील कचेरीच्या फाटकात बसलो, तहसीलदारांची गाडी अडली, आणि सरकारी कामात अडथळा आणला म्हणून आम्हा दोघांना उचललं. कुणी कुणाला बोटही लावलं नव्हतं. ते खटल्यात सिद्ध होईल, असं वकील म्हणाले. खटला कधी चालेल, ते काही म्हणाले नाहीत.

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला, असं मला वाटायचं. साफ खोटं. आदेशात खाली एक ओळ असते: लायक जामीनदार द्यावा. लायक म्हणजे चांगला माणूस नव्हे. लायक म्हणजे ज्याच्या नावावर जमीन आहे तो. आरोपी पळाला तर वसुली करायला काहीतरी हवं ना, म्हणून सातबारा जोडायचा.

माझ्यासाठी निफाडहून मामा आले. द्राक्षाची बाग, उताऱ्यावर एकट्याचं नाव. सही करून बाहेर आले आणि व्हरांड्यातच म्हणाले, "आता केस संपेपर्यंत कागद वाटायचे बंद."

"मामा, तो माझा हक्क आहे."

"हक्क तुझा, सातबारा माझा."

मला घरी जायचं होतं.

मुकादमाची बायको प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आली होती. त्यांच्या गावातल्या एकाने जामीन राहायची तयारी दाखवली होती, पण त्याची जमीन वनपट्ट्याची. कोर्टातल्या बाबूने कागद नीट वाचला, चष्मा काढला आणि सांगितलं की ही जमीन विकता येत नाही, म्हणून तिच्यावर जामिनाचा बोजा चढवता येत नाही. सरकारने सही-शिक्क्यानिशी दिलेली जमीन, आणि ती कोर्टात चालेना. जामीनदाराऐवजी रोख भरू द्या, असा अर्ज वकिलांनी केला, तोही नामंजूर झाला.

मग मी आमच्या संघटनेकडे वळले, आणि तिथे आमचीच गंमत उघडी पडली. संघटनेत एकाच्याही नावावर गुंठाभर जमीन नव्हती. हा योगायोग नव्हता. सभासद करताना आम्ही ते विचारून घ्यायचो. जमीनवाला शेवटी मालकाच्या बाजूला जातो, हे आमचं ठाम मत, मीच ते पत्रकात छापलेलं. आता आम्ही सगळे शुद्ध लोक कोर्टाजवळच्या सीबीएस स्टँडसमोर चहाच्या टपरीवर उभे होतो. एकाने खोलीचा भाडेकरार आणला होता, चालतो का बघू म्हणून.

"क्रांती होते भाड्याच्या खोलीवर," दुसरा म्हणाला, "जामीन नाही होत."

आधी कुणी हसलं नाही. मग सगळेच हसलो, आणि कपात बघत राहिलो.

मामांना पुन्हा फोन केला. "एका सातबाऱ्यावर किती माणसं टांगशील?" म्हणाले, आणि पाण्याच्या पाळीचं सांगून फोन ठेवला.

जेलच्या मुलाखतीत मुकादमाने मला खटल्याबद्दल एक शब्द विचारला नाही. जाळीपलीकडून म्हणाला, "ताई, छाटणी लागली का?"

ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली होती. मी हो म्हणाले.

"माझ्याबिगर टोळी नाय हलायची. सगळ्यांचाच हंगाम जाईल. बाहेर काढा मला, कसं पण."

मी म्हणाले, काढते. कसं, ते मला माहीत नव्हतं. त्याच्या बायकोला माहीत होतं. तिने दोन दिवसांनी फोन केला. "मालकाला बोलले मी. तो उभा राहतो म्हणला."

"कुठला मालक?"

"त्योच. ज्याच्या बागंत बाई पडली."

मी फोनवर तिला भाषणच दिलं. ही वेठबिगारी आहे म्हणाले. तो फुकट उभा राहणार नाही, टोळी आपल्याच बागेत बांधून घेईल. ज्याच्याविरुद्ध आपण बसलो त्याच्याच हातात नवरा देऊ नका. ती सगळं ऐकून घेत होती. मागे बस सुटल्याची घंटी ऐकू आली.

"तुझा मामा उभा राहिला, तवा काय म्हणला तुला?"

"तो माझा मामा आहे."

"मग माझ्यासाठी आण ना एक मामा."

तिने फोन ठेवला.

मालक कोर्टात पांढऱ्या शर्टात आला, केस विंचरून. न्यायाधीशांनी विचारलं, "आरोपी तुमचे कोण?"

"घरचाच माणूस आहे, साहेब." त्याला ते खरंच वाटत असावं. आवाजात जराही खोट नव्हती. मुकादम दुसऱ्या दिवशी सुटला. जेलच्या दारातून थेट मालकाच्या पिकअपमध्ये बसला.

मी म्हणाले होते तसंच झालं, आणि त्याचा मला काडीचा आनंद नाही. टोळी दुसऱ्या बागेत जायची नाही, हे ठरलं. पुढे मुकादमाने हातमोज्यांचा विषय काढला की मालक शांतपणे म्हणायचा, "बरं. मी आपला जामीन काढून घेतो." हे कायद्यात बसतं. जामीनदाराने अर्ज दिला की आरोपीने दुसरा जामीनदार आणायचा, नाहीतर परत आत. मालकाला शिवीगाळ करावी लागली नाही, दार बंद करावं लागलं नाही. एक अर्ज, तोही न दिलेला, पुरत होता.

आणि मी? मी पत्रकं वाटणं बंद केलं. गठ्ठा पलंगाखाली आहे. हे लिहिते आहे ते पत्रक नाही, पुस्तक आहे. पुस्तकाबद्दल मामा काही बोलले नव्हते.

तारखा पडत राहिल्या. न्यायाधीश रजेवर, सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात, एकदा फाइलच सापडेना. शेवटी पुढच्या ऑक्टोबरात दोषारोप ठेवायचा दिवस आला. पुकारा झाला, आम्ही दोघं पुढे उभे राहिलो. आरोप वाचून दाखवले. न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

मी म्हणाले, "नाही." जरा जोरातच.

मुकादमाने वकिलांकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. मागे वळून शेवटच्या बाकाकडे पाहिलं. तिथे मालक बसला होता. मालकाने किंचित मान हलवली.

"नाय, साहेब."

जबाबाखाली मी सही केली. त्याला अंगठा द्यायचा होता. शाई लावून कागदावर दाबला, तर नुसता काळा डाग उमटला, एकही रेघ नाही. बाबू म्हणाला, "नीट दाब की." पुन्हा दाबला, पुन्हा तेच. तेव्हा मी त्याचा हात पाहिला. छाटणीनंतर वेलीच्या काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुटावेत म्हणून तिला औषधाची पेस्ट लावतात. ती त्याने उघड्या हाताने लावली होती. बोटांची सालं निघून कातडी गुळगुळीत, गुलाबी झाली होती.

वकिलांच्या कानाशी लागून मी म्हणाले, "हे साहेबांना दाखवा. आपली मागणीच ही होती."

"आज ती स्टेज नाही," ते म्हणाले. "पुराव्याच्या वेळी बघू."

"तोवर कातडी भरून येईल."

"मग चांगलंच आहे की."

मी मुकादमाकडे वळले. मी बोलले तर काय होईल, हे त्याला माझ्याआधी समजलं होतं. त्याने हात मुठीत मिटला आणि पाठीमागे नेला. मी बोलले नाही.

बाबूने शेजारी "आरोपीचा अंगठा" असं लिहून टाकलं आणि पुढची तारीख सांगितली. बाहेर पिकअप चालूच होती, मागे औषधाचे ड्रम. मालकाने काच खाली केली. "ताई, सोडू का कुठं? घरचंच समजा."

मुकादम ड्रमांमध्ये चढून बसला होता, काळी शाई पँटला पुसत.